पावसाळ्यात बेळगावहून पणजीला: घाट कधी उतरायचा, भरती कधी टाळायची

पणजीची पावसाळी सहल ठरवताना हॉटेलच्या आधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. घाट किती वाजता उतरायचा, आणि त्या दिवशी पणजीत भरती किती वाजता आहे. बाकी सगळे या दोन वेळांभोवती बसवता येते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांना गोवा इतका जवळचा वाटतो की बरेच जण तयारीच करत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी दुकान किंवा ऑफिस बंद करून सात वाजता गाडी काढायची आणि अकराला पणजीत जेवायचे, हा बेत हिवाळ्यात जमतो. जुलैत याच बेतात अंधार, धुके आणि पाऊस तिन्ही एकदम घाटात गाठतात. पणजीत पोचावे, तर तिथे मध्यरात्रीची भरती आणि मुसळधार सर एकत्र आलेली, हॉटेलसमोर घोटाभर पाणी. पाऊस कोणाच्या हातात नाही, पण वेळ आपल्या हातात आहे.

महिना निवडताना

बेळगाव शहरात वर्षाला १३०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. पणजीत तो ३००० मिमीच्या घरात जातो आणि त्यातला जवळपास एक तृतीयांश एकट्या जुलैत पडतो. घाटमाथ्यावरच्या आंबोलीचा आकडा तर ७००० मिमीच्या पुढे आहे. म्हणजे बेळगावच्या पावसाचा अंदाज घेऊन पणजीची बॅग भरली की फसगत होते.

गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. सुरुवातीचे दिवस विजांचे आणि वादळी वाऱ्याचे असतात. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पाऊस सर्वांत जोरात असतो. हिरवळ आणि धबधबे पाहायचे असतील तर हाच काळ खरा, पण रस्ते बंद होण्याची शक्यताही याच काळात जास्त. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर १५ ऑगस्टनंतर सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस धरावेत. सरींमध्ये उघडीप मिळते, घाट हिरवाच असतो आणि धबधब्यांना पाणी टिकून असते. गणेश चतुर्थीचे दिवस मात्र टाळा. पणजीतली कित्येक दुकाने आणि लहान खाणावळी तेव्हा बंद असतात, कारण माणसे आपापल्या गावी गेलेली असतात. १५ ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या की खोल्यांचे दर चढतात. एरवी पावसाळ्यातल्या सोमवार ते गुरुवारी खोली सर्वांत स्वस्त पडते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहा. एकट्या उत्तर गोव्याचा पाहून भागत नाही. चोर्ला घाटाने जात असाल तर बेळगावचा, अनमोड घाटाने जात असाल तर उत्तर कन्नडचाही, आणि आंबोली घाटाने जात असाल तर सिंधुदुर्ग-कोल्हापूरचा. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल इशाऱ्याला निघूच नये. खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिमी ओलांडला की जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार. पिवळ्याला घाबरून सहल रद्द करायची गरज नाही, पावसाळ्यात तो जवळजवळ रोजचाच. नारिंगी असेल तर घाट फक्त दिवसा, आणि परतीसाठी एक दिवस हाताशी ठेवून जावे. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरात भरती पाहणे

पणजीत पाणी का तुंबते हे एकदा नीट समजून घेतले तर निम्मा त्रास वाचतो. शहर मांडवीच्या मुखाशी आहे. त्याचा मोठा भाग सखल आहे आणि कित्येक ठिकाणी पाणथळ जागा भरून वस्ती झाली आहे. गटारे आणि नाले सांतिनेजची खाडी, मळ्याकडची खाडी आणि मांडवी यांत उतरतात. भरतीला नदीचीच पातळी चढते, गटारांची तोंडे पाण्याखाली जातात आणि पावसाचे पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. उलट तितकाच पाऊस ओहोटीला पडला तर तास-दीड तासात निचरा होतो. शिवाय ही मांडवी म्हणजे आपली म्हादईच. ती खानापूर तालुक्याच्या जंगलात उगम पावते. भीमगड-कणकुंबीच्या पट्ट्यात दोन दिवस पाऊस लागून राहिला की नदी आधीच भरून वाहत असते, आणि अशा वेळी भरतीचे पाणी उतरायला वेळ लागतो.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. तेव्हा पणजीत पाण्याची पातळी ओहोटी ते भरती २ मीटरच्या आसपास फरकाने हलते. अष्टमीच्या सुमारास हा फरक बराच कमी होतो, त्याला भांग म्हणतात. मराठी घरात तिथी दाखवणारे कॅलेंडर असतेच, ते काढा आणि तारीख ठरवा. जाण्याचे दिवस अष्टमीच्या एक-दोन दिवस मागेपुढे आले तर उत्तम. पौर्णिमा-अमावास्येच्या आधीचा आणि नंतरचे दोन दिवस टाळता आले तर टाळा.

टाळता आले नाहीत तर वेळ सांभाळा. पौर्णिमा-अमावास्येला गोव्याच्या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, आणि ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे सखल भागात फिरणे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. अष्टमीला हे उलटते, भरदुपारी ओहोटी मिळते. अचूक मिनिटे हवी असतील तर मुरगाव किंवा पणजी बंदराचा भरतीचा तक्ता मोबाइलवर पाहावा, मुंबईचा तक्ता इथे लावू नये.

कोणता घाट

बेळगावकरांसाठी पहिली पसंती चोर्ल्याची: पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि खाली केरी. पुढे साखळी, डिचोली आणि पणजी. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात थांबे धरून चार तास हिशेबात ठेवा. जांबोटी ते कणकुंबी हा जंगलातला पट्टा आहे. रस्त्यावर झाड पडणे, खड्ड्यात पाणी साचून खोली न कळणे आणि मोबाइलची रेंज जाणे, तिन्ही इथे होते. मलप्रभेवरचा कुसमळीचा पूल आणि त्याच्या आसपासचा रस्ता यांची चौकशी निघण्याआधी जांबोटीकडच्या ओळखीच्या माणसाकडे किंवा बसस्थानकावर चालक-वाहकांकडे करा. नकाशाच्या ॲपपेक्षा त्यांची माहिती ताजी असते. घाट उतरल्यावर केरी-साखळीचा भाग सुटकेचा वाटतो, पण साखळीत वाळवंटी नदी फुगली की बाजारपेठेकडे पाणी येते. तिथे अडवले तर वाद न घालता उंचावर थांबा, पाऊस उघडला की पाणी उतरते.

साखळीहून पणजीला जायला दोन वाटा आहेत. डिचोलीवरून पर्वरीमार्गे मांडवी पूल, किंवा आमोणे-माशेल-बाणस्तारीवरून जुने गोवे आणि रायबंदर. पहिलीवर पर्वरीत कोंडी होते. दुसरी वाट शांत आहे. रायबंदरहून पणजीतल्या पाटोपर्यंतचा बांधरस्ता पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात बांधला. एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे असल्यामुळे वाऱ्याच्या दिवशी तिथे दुचाकी हळू चालवावी. दुचाकीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: मांडवीवरचा अटल सेतू दुचाकी आणि रिक्षांसाठी बंद आहे, जुन्या पुलानेच यायचे.

अनमोडचा रस्ता म्हणजे खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले, धारबांदोडा, फोंडा आणि पणजी. अंतर तीस-पस्तीस किलोमीटरने जास्त आहे. खानापूरच्या अलीकडे गणेबैलला टोलनाका आहे, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. खानापूर-रामनगर पट्ट्याची अवस्था दरवर्षी वेगळी असते, त्यामुळे हाही विचारून घ्यायचा रस्ता. घाटात दरड आणि रस्ता खचणे हा मुख्य धोका. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात रस्त्याची कड खचली आणि अवजड वाहने थांबवावी लागली होती. एरवी मालवाहू ट्रक याच रस्त्याने जातात, चढणीवर त्यांच्या मागे अडकले की पुढे काढायची घाई करू नका. मोल्याच्या अभयारण्यातून रस्ता जातो, संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात.

निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, चंदगड भागातल्यांना आंबोली सोयीची. निपाणीकरांनी गडहिंग्लज-आजरामार्गे आंबोलीला यावे, बेळगावला खाली उतरून फेरा घालू नये. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा असा पुढचा रस्ता. आंबोलीत शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते आणि दुपारी तास-दोन तास घाट तुंबतो. शनिवारी जायचेच असेल तर सकाळी आठच्या आत धबधबा मागे टाका.

तिलारी घाट पावसात नवख्या चालकाने घालू नये. उतार तीव्र, वळणे आखूड आणि समोरून गाडी आली तर मागे घ्यायला जागा अपुरी.

घाट उतरताना

बेळगावहून साडेसहाच्या सुमारास निघालात तर आठ-साडेआठला चोर्ला घाटात असाल. उजेड पुरेसा असतो आणि सकाळचे दाट धुके थोडे वर सरलेले असते. पहाटे चारला निघून “रस्ता मोकळा मिळतो” म्हणणाऱ्यांचे पावसाळ्यात ऐकू नका.

धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवर परततो आणि समोरचे काहीच दिसत नाही. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नयेत, वळताना तुम्ही कोणीकडे जाताय हे मागच्याला कळत नाही. ते फक्त गाडी थांबवल्यावर. वेग ताशी २० ते ३० किलोमीटर, आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियम पावसात काटेकोर पाळा, कारण ओल्या चढणीवर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना मागे घसरते.

उतारावर दुसरा गिअर धरा. सतत ब्रेक दाबून आलात तर लायनर तापतात आणि केरीच्या अलीकडे पेडल मऊ लागू लागते. न्यूट्रलवर गाडी सोडणे हे तर सरळ अपघाताला आमंत्रण.

काचेवर आतून वाफ धरली तर एसी काचेकडे सोडा आणि बाहेरची हवा आत घेणारे बटण चालू करा. गाडीतली हवा आतल्या आत फिरत राहिली की चार माणसांच्या श्वासाने आणि ओल्या कपड्यांनी काच पुन्हा धुरकटते. वाफ बाहेरून धरली असेल तर कारण उलटे असते, काच फार गार झालेली असते. एसीचे तापमान वाढवा आणि वायपर एकदा फिरवा.

रस्त्यावर पाणी वाहत असेल तर आधी थांबा आणि समोरची एखादी गाडी जाताना पाहा. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत असेल तर लहान गाडी घालू नये. घातलीत तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच वेगाने, मध्ये न थांबता. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दहा हजारांचे काम लाखावर जाते. गाडी ढकलून बाहेर काढा आणि टो करून घ्या. पाण्यातून सुखरूप निघाल्यावर ब्रेक तीन-चार वेळा हलके दाबून सुकवा. दुचाकीसाठी नियम आणखी कडक: वाहते पाणी गुडघ्याखाली असले तरी ते गाडी ओढून नेते.

हे सगळे जमण्यासाठी गाडी आधी तयार हवी. टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिमी लागते, पण घाटात पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर धोक्याचा. वायपरचे रबर दरवर्षी मे-जूनमध्ये बदला, उन्हाळ्यात ते कडक होऊन काचेवर रेघा सोडते. स्टेपनीत हवा भरा. परवाना, विमा, पीयूसी यांचे कागद हाताशी ठेवा, केए पाटीची गाडी गोव्यात तपासणीला थांबवली जाते. टाकी बेळगावातच निम्म्याच्या वर असू द्या. पूर्ण भरायची घाई नको, गोव्यात पेट्रोल सहसा कर्नाटकापेक्षा स्वस्त असते.

धबधबा दिसला की गाडी वळणावर लावून फोटो काढणे ही घाटातली सर्वांत मोठी डोकेदुखी. मागून येणाऱ्याला धुक्यात तुमची गाडी दिसत नाही. दरडीच्या कडेलाही उभे राहू नका. वरून लहान खडे किंवा गढूळ पाणी यायला लागले तर तिथून लगेच निघा, मोठी दरड बहुधा त्याच्या मागून येते. धबधबाच पाहायचा असेल तर साखळीजवळ हरवळे आहे. रुद्रेश्वराचे देऊळ, जवळची कोरीव लेणी आणि समोर कोसळते पाणी, सगळे सुरक्षित अंतरावरून दिसते. पाण्यात मात्र उतरायचे नाही. गोव्यात दर पावसाळ्यात धबधबे, नद्या आणि पडक्या खाणींच्या पाण्यात उतरण्यावर जिल्हाधिकारी बंदी घालतात, आणि खानापूर भागातही वनखाते धबधब्यांच्या वाटा बंद करते.

बसने किंवा रेल्वेने

एकट्याने किंवा दोघांनी जायचे असेल तर बस चांगली. घाट रोज चालवणारा चालक पावसात तुमच्यापेक्षा शांत असतो. कर्नाटकाच्या आणि गोव्याच्या कदंब महामंडळाच्या दोन्ही बसगाड्या मिळतात, पणजीत त्या पाटोजवळच्या कदंब स्थानकावर सोडतात. महिलांसाठी एक सूचना: कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेतला महिलांचा मोफत प्रवास आंतरराज्य गाडीला लागू नाही, गोव्याचे तिकीट काढावे लागते. बॅग डिकीत टाकत असाल तर आतून प्लास्टिकची पिशवी घालून मगच कपडे भरा, डिकीत पाणी झिरपते.

रेल्वेने बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक, कुळे करत मडगावला उतरता येते. गोवा एक्सप्रेस याच मार्गाने वास्कोला जाते. पणजीला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही, मडगावहून कदंबची बस धरून तासाभरात पणजी. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट १:३७ चढाचा आहे, गाडी इथे हळू चालते आणि दूधसागर अगदी समोरून जातो. दारात पाय सोडून बसू नका, बोगद्यांच्या भिंती जवळ आहेत. स्थानकावर उतरून रुळांवरून दूधसागरला चालत जाणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि पावसाळ्यात पोलीस तिथे उभे असतात. या मार्गावरही दरडी कोसळतात, म्हणून सकाळी गाडी धावते आहे का ते पाहून मगच घर सोडा. मडगावहून पुढे कोकण रेल्वेची गाडी धरायची असेल तर तिचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, हे विसरू नये.

खोली घेताना

फोनवर भाड्याच्या आधी चार प्रश्न विचारा. समोरच्या रस्त्यावर पाणी साचते का? जनरेटर आहे का, की नुसता इन्व्हर्टर? खोली कितव्या मजल्यावर? गाडी कुठे लावायची? तळघरातले पार्किंग पावसाळ्यात नाकारा. तळमजल्याची खोली दराने स्वस्त असली तरी भिंतींना ओल असते, गाद्यांना वास येतो. आल्तिनोच्या टेकडीवर आणि तिच्या उतारावर पाणी साचायचा प्रश्न नसतो. अठरा जून रस्ता, मळा, सांतिनेज हे भाग बाजारासाठी सोयीचे, पण पाणी आधी तिथेच येते. खोलीत पोचल्यावर पंखा आणि बाथरूमची हवा खेचणारी मोटर चालते का ते बघा. पावसाळी मुक्कामात कपडे वाळवणारा पंखा टीव्हीपेक्षा कामाचा.

शहरात पावसाबरोबर फिरणे

किनारी पाऊस दिवसभर एकसारखा पडत नाही. वीस मिनिटे धो-धो, मग अर्धा तास रिमझिम, मग थोडी उघडीप. म्हणून बेत अर्ध्या-अर्ध्या तासाचे करा आणि प्रत्येक टप्प्याला जवळचा आडोसा ठरवून ठेवा.

सकाळी ओहोटी असेल तर मळा आणि फोंतेंयसच्या गल्ल्या पायी फिरा. पावसाने धुतलेल्या पिवळ्या-निळ्या भिंती आणि कौले या दिवसांतच सर्वांत सुंदर दिसतात. इथल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, उतरताना पाय आडवा टाका. लोक राहतात ती घरे आहेत, त्यांच्या दारात पावसासाठी थांबायचे तर आधी विचारावे. तिथून मारुतीचे देऊळ, पणजीची चर्च आणि महालक्ष्मीचे देऊळ पायी अंतरावर आहेत.

जोराची सर लागली की पाटोवरचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. १८३२ साली सुरू झालेले हे ग्रंथालय मराठी वाचकासाठी पणजीतली सर्वांत चांगली पावसाळी जागा आहे, आणि बेळगावहून येणारे फार कमी लोक तिथे जातात याची हळहळ वाटते. मोबाइल गप्प करा, ओली छत्री बाहेर ठेवा. कांपालला चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी आहे, त्या संध्याकाळी नाटक किंवा मैफल आहे का ते आधी पाहा. जुने गोवे नऊ-दहा किलोमीटरवर. चर्चच्या आत पाऊस अडवत नाही, पण दोन इमारतींमधले मैदान उघडे आहे. तिथले पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते.

शहरात ॲपवाल्या नेहमीच्या टॅक्सी चालत नाहीत, गोवा माइल्स चालते. एकट्या माणसाला काळ्या-पिवळ्या दुचाकीचा पायलट (भाडे घेऊन मागे बसवून नेणारा दुचाकीस्वार) स्वस्त आणि झटपट, पण पावसात भाडे आधी ठरवा. भाड्याने स्कूटर घ्यायची तर काळी पाटी, पिवळी अक्षरे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो.

साचलेल्या पाण्यातून चालणे शक्यतो टाळा. उघडे गटार दिसत नाही. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, उंदरांच्या मुतातून हे जंतू पाण्यात येतात. चालावेच लागले तर खोलीवर आल्याबरोबर पाय साबणाने धुऊन कोरडे करा.

समुद्र बघायचा, शिरायचा नाही

मिरामार आणि दोनापावला पणजीच्या हाताशी आहेत, त्यामुळे मोह होतोच. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरू नये, गुडघाभर पाण्यातही नाही. पावसाळी लाटा किनाऱ्यावर भरपूर पाणी आणून टाकतात आणि ते पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जाते. हा पट्टा वरून शांत दिसतो, लाटा तिथे कमी फुटतात. पोहता येत नसलेला माणूस नेमका तिथेच उतरतो. जीवरक्षकांचा लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचे नाही. त्यांनी शिटी मारली की हुज्जत न घालता मागे व्हा. कोणी ओढला गेलाच तर त्याच्या मागे उडी मारू नका. जीवरक्षकाला हाक द्या, ११२ लावा, रिकामा कॅन किंवा दोर फेका. ओढला जाणाऱ्याने किनाऱ्याकडे न झगडता किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यावे.

दोनापावलाच्या ओल्या खडकांवर चढून सेल्फी घेऊ नये. दहा लाटा लहान येतात आणि अकरावी खडकावरून जाते. शॅक (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाणावळी) आणि पाण्यातले खेळ या दिवसांत बंद असतात, कोणी “चालू आहे, चला” म्हणाले तर जाऊ नका.

ताटात काय येते

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्यामुळे या दोन महिन्यांत सुरमई-पापलेट मागितले तर बहुतेक बर्फातले मिळते आणि दरही चढा असतो. त्यापेक्षा “आज खाडीचे काय आहे?” असे विचारा. शेवटो, चणक, तिसऱ्या, कोळंबी असे काही ताजे मिळू शकते. गोव्याच्या घरांत पावसाळा सुक्या मासळीवर निघतो. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर भाताबरोबर मागून खा. आषाढ-श्रावण पाळणाऱ्यांचीही चंगळ आहे: अळूची, ताकळ्याची, फागल्याची (कर्टुल्याची) भाजी पावसातच मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला अळमी (रानातली अळंबी) विकायला बसतात. महाग असतात. ओळखीच्या माणसाशिवाय घेऊ नका, आणि जंगलात स्वतः शोधायला तर मुळीच जाऊ नका, विषारी जाती दिसायला सारख्याच असतात. ऑगस्टमध्ये हळदीच्या पानातल्या पातोळ्या मिळाल्या तर सोडू नयेत.

पाणी उकळलेले किंवा बाटलीबंद. उघड्यावर कापलेली फळे नकोत.

सामान

छत्री बाजारात फिरायला पुरते, मिरामारच्या वाऱ्यात ती उलटी होते. शर्ट-पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या. दुचाकीवर एकसंध खोळ वाऱ्याने फुगते, ती नको. जीन्स घरी ठेवा, पणजीच्या दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही. पातळ सिंथेटिक कपडे माणशी तीन जोड आणि अंतर्वस्त्रे दोन जास्त. चामड्याचे बूट, पट्टे नकोत, बुरशी धरतात. पकड असलेले रबरी सँडल पुरेत. पाच मीटर नायलॉनची दोरी आणि बारा चिमटे, मोबाइल-पाकिटासाठी चेनवाल्या प्लास्टिक पिशव्या, पॉवर बँक, टॉर्च, डासांचे मलम, ओआरएस, रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. वीज आणि नेटवर्क दोन्ही जाते, तेव्हा यूपीआय चालत नाही. दोन हजार रुपये सुट्या नोटांत ठेवा. आंबोली किंवा चोर्ल्यात गवतात उतरणार असाल तर जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड.

परतताना

परतीचा घाट चढायचा आहे, तोही उजेडात. पणजीहून दुपारी दोनच्या आत निघा म्हणजे पाचपर्यंत कणकुंबी मागे पडते. रविवारी संध्याकाळी सगळे बेळगाव एकदम परतते, शक्य असेल तर सोमवारी सकाळी निघा. कणकुंबीला चेकपोस्ट आहे. गोव्याची दारू परवान्याविना आणू नका, गाडी थांबवली तर मागच्या सगळ्यांना पावसात तिष्ठत राहावे लागते आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

केरीत घाटाच्या पायथ्याशी वाहने थांबलेली दिसली तर पुढे घुसू नका. समोरून उतरलेल्या चालकाला विचारा. दरड असेल तर साखळीला मागे फिरून तिथेच थांबा. दुसऱ्या घाटाने जायचे तर दिवसाचे किमान चार तास हातात हवेत, नाहीतर मुक्काम वाढवणेच बरे. म्हणून बुधवारी परत येऊन गुरुवारी परीक्षा किंवा लग्न, असा बेत पावसाळ्यात करू नये.

घरी आल्यावर गाडीचा तळ साध्या पाण्याने धुऊन घ्या, खारी हवा आणि घाटातला चिखल मिळून गंज लवकर धरतो. मॅट काढून उन्हात किंवा पंख्याखाली वाळवा. पुढच्या महिनाभरात कोणाला थंडी-ताप आला, अंग-पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना गोव्याला जाऊन साचलेल्या पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा, म्हणजे लेप्टो, मलेरिया आणि डेंगी यांच्या तपासण्या पहिल्याच दिवशी होतात.